राजा फाट्यावर उभा



२०२५ च्या मृगाच्या आधी आठ दिवस शेजारच्या काकांना घेऊन मुंबईला जावे लागले. काकांच्या घशात गाठ. जिल्ह्याच्या डॉक्टरने परळच्या टाटा हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. आपल्याकडची माणसे टाटाला गेली म्हणजे बहुधा दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेची वाट धरतात. काकांच्या मेहुण्याची चिंचपोकळीला चाळीत खोली आहे, म्हणून आम्ही तिथे उतरलो. मेहुणा जुना गिरणी कामगार. दहा बाय बाराची खोली, घरची माणसे पाच, वर आम्ही दोघे. पण कुणी तोंड वाकडे केले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

चिंचपोकळी हे भायखळा आणि करी रोड यांच्या मधले लहानसे स्टेशन. जलद लोकल तिथे थांबत नाहीत. या वस्तीशी आपला संबंध मोठा जुना. काळ्या रानातला कापूस वेचून, जिनिंगमध्ये सरकी काढून, गाठी बांधून जो निघायचा तो बराचसा या लालबाग-परळ-चिंचपोकळीच्या गिरण्यांत येऊन पडायचा. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. आता धुराड्यांच्या जागी टॉवर आहेत. मेहुणा खिडकीतून बोट दाखवून कुठे कोणती गिरणी होती ते सांगतो, आणि काका मान डोलावतात. हे जाऊ द्या. सांगायचे आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचे.

हॉस्पिटलात आठला पोचायचे होते. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच मुंबईत उतरला होता, सकाळी भुरभुर चालू होती. मेहुणा म्हणाला, "दाजी, बसची वाट बघू नका. तिकीट पाचाचं दहा झालंय आणि बस काही लवकर येत नाही." स्टेशनाबाहेर आलो तर हातात तशाच फायली घेतलेली आणखी दोन माणसे उभी. नवरा-बायको, सोलापूरकडची. टॅक्सीवाल्याने हात केला, आम्ही चौघे एकाच टॅक्सीत बसलो. अडीच किलोमीटरचे मीटर बावन्न रुपये झाले. चौघांत तेरा-तेरा. चौकात वाहतुकीचा हवालदार उभा होता, त्याने ढुंकूनही पाहिले नाही. कोण कुणाच्या नात्याचा, कोण कुठे निघाला, भाडे कोण कसे वाटून घेतो, याच्याशी त्याला काय करायचे? पुढच्या सीटवर बसलेले काका बोलायला त्रास होत असताना हळूच म्हणाले, "आपल्याकडं असं बसलो असतो, तर पोरा, उतरवून दिलं असतं."

काका उगाच बोलले नाहीत. त्याच्या आधीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. काकांची सून तापलेल्या लेकराला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यातून परत येत होती. एस.टी. दुपारी एकची होती, ती आलीच नाही. पुढची साडेपाचला. काळी-पिवळी जीप भरली, सुटली, आणि गाव सात किलोमीटर राहिले असताना तपासणीत सापडली. माणसे जास्त होती, हे खरे. परवाना काही एक होता आणि गाडी करीत काही एक होती, हेही खरे. मग काय? जीप जमा झाली, आणि आतली पंधरा माणसे भर उन्हात रस्त्याच्या कडेला. गाडी जप्त करणाऱ्याने त्या माणसांचे पुढे काय, हा प्रश्न विचारला नाही. तो प्रश्न त्याच्या कागदावर नव्हताच. सून लेकराला खांद्यावर टाकून दोन कोस चालत आली. लेकरू वाचले, म्हणून ही गोष्ट आज रागाने सांगता येते.

चिंचपोकळीला चार अनोळखी माणसे एका गाडीत बसली, तर तो शहाणपणा. आपल्या फाट्यावर बसली, तर ती अवैध प्रवासी वाहतूक. वर्तमानपत्रातला शब्दसुद्धा पाहा. गाडी अवैध, वाहतूक अवैध. त्यात बसलेली माय मात्र वैध मतदार.

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट समजून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ चा, १ जुलै १९८९ पासून लागू. त्यात भाड्याने माणसे नेणाऱ्या गाड्यांच्या दोन जाती आहेत. एक टप्पा वाहतूक. म्हणजे वाटेत माणसे घ्यायची, उतरवायची, ज्याचे त्याचे वेगळे भाडे घ्यायचे. दुसरी कराराची गाडी. म्हणजे इथून तिथे ठरवून न्यायचे, वाटेत ठरावाबाहेरचा माणूस घ्यायचा नाही. सहा माणसांपर्यंतची ती मोटार कॅब, सातापासून बारापर्यंतची ती मॅक्सी कॅब. आणि गंमत अशी, की या दोन्ही गाड्या वेगवेगळे भाडे घेत असल्या तरी त्या कराराच्याच गाड्या, असे कायदाच सांगतो. म्हणजे माणशी वीस रुपये घेणे हा जीपवाल्याचा गुन्हा नाही. गुन्हा कोणता? फाट्यावर म्हाताऱ्याने हात दाखवला आणि त्याने गाडी थांबवली, हा गुन्हा! आणि याच महाराष्ट्रात एस.टी.ने 'हात दाखवा, गाडी थांबवा' अशी योजना काढून तिची जाहिरात केली. हात तोच, फाटाही तोच. गाडीचा रंग लाल असला म्हणजे ती लोकसेवा, काळा-पिवळा असला म्हणजे दंड. आणि दंड थोडाथोडका नाही. परवान्याच्या अटी मोडून गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये आणि तुरुंगाचीही तरतूद.

टप्पा वाहतुकीचा मक्ता आपल्या राज्यात एकाच महामंडळाकडे. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एस.टी. धावली. १९५० साली महामंडळांचा कायदा झाला. तेव्हा खासगी मोटारवाल्यांचा कारभार असा होता की कुणालाही सरकारी बस म्हणजे देवदूत वाटावी. टपावर माणसे, मनमानी भाडे, गाडी भरेपर्यंत तासतासभर खोळंबा. एस.टी.ने शिस्त आणली, तिकीट आणले, रात्रीअपरात्री बाईमाणूस एकटी प्रवास करू शकेल असा भरवसा आणला. आपण सगळे एस.टी.च्या पासावर शिकलो. आपलीच पोरे एस.टी.त ड्रायव्हर-कंडक्टर झाली. ज्या कोणाला वाटते की हा लेख एस.टी.च्या कामगाराविरुद्ध आहे, त्याने इथेच वाचणे थांबवले तरी चालेल. त्या कामगाराचा पगार वेळेवर होत नव्हता तेव्हा आपल्याच घरात चूल विझत होती.

भांडण मक्त्याशी आहे. मक्ता म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. १९७२ च्या हंगामापासून तीस वर्षे आपण एकाधिकार खरेदी भोगली. तीही शेतकऱ्याच्या भल्यासाठीच निघाली होती. व्यापारी लुटतो, म्हणून सरकार घेईल. मग केंद्रावर बैलगाड्यांची आठ-आठ दिवस रांग, प्रत लावताना मिजास, चुकाऱ्याची चिठ्ठी आणि पैसा पुढच्या पेरणीपर्यंत नाही. ज्याची कपाशी सीमेजवळ, तो रात्री गाडी जुंपून आदिलाबादकडे नाही तर बऱ्हाणपूरकडे निघायचा, आणि नाक्यावर चोर ठरायचा. स्वतःच्या रानातला माल, स्वतःची बैलजोडी, आणि चोर! एकाधिकार सुटला तेव्हा स्वर्ग काही खाली उतरला नाही, व्यापाऱ्याने त्याचे दात दाखवलेच. पण एक झाले. आज भाव पटला नाही तर गाडी वळवून दुसरीकडे नेता येते, आणि वळवणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला एवढेच हवे आहे.

'वाट पाहीन, पण एस.टी.नेच जाईन' ही घोषणा आपण लहानपणापासून वाचत आलो. वाट पाहायला हरकत नाही. ज्याला वेळ आहे त्याने पाहावी. पण ज्याच्या कडेवर तापलेले लेकरू आहे, ज्याची बाजार समितीत गाडी लागली आहे, ज्याला कोर्टाची तारीख आहे, त्याच्या वेळेची काही किंमत धरली आहे का कुणी? ज्वारीच्या खुडणीत बाईची मजुरी निम्म्या दिवसाने बुडते, तेव्हा वाट पाहण्याचे भाडे किती झाले, हे तिकिटावर छापलेले नसते.

आता समाधानाचे. प्रवाशांचे समाधान मोजायची टूम हल्ली सगळीकडे आहे. बस स्वच्छ होती का, चालक सौजन्याने बोलला का, आसन ठीक होते का, पाचपैकी किती गुण द्याल. हा तक्ता कोण भरतो? जो बसमध्ये बसला आहे तो. जो बसला नाही, ज्याच्या समोरून बस न थांबता गेली किंवा जिच्यासाठी तो उभा होता ती आलीच नाही, त्याच्या हातात तक्ता देणार कोण? खाणावळीत जेवणाऱ्यांना विचारायचे भाजी कशी झाली, आणि दारातून उपाशी परत गेलेल्यांची गणतीच करायची नाही, असा हा हिशेब. २०२४ च्या जुलैत एस.टी.ने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. आगारात अधिकारी बसणार, प्रवाशांनी येऊन तक्रारी सांगायच्या. हेतू चांगला, त्याला नावे ठेवत नाही. पण राजाने आगारापर्यंत पोचायचे कशाने? एस.टी. येत नाही ही तक्रार घेऊन राजा जीपमध्येच बसणार ना!

समाधानाची खरी पाहणी रोज सकाळी फाट्यावर होते आणि तिला कागद लागत नाही. माणूस कुठल्या गाडीत पाय ठेवतो, ते पाहायचे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला होता. लगेच दिसले. ज्या मार्गावर बस वेळेवर होती, तिथे बायाबापड्या जीप सोडून बसमध्ये बसू लागल्या. जीपवाले कुरकुरले. म्हणजे आपल्या माणसाला हिशेब कळतो. त्याला जीपचे प्रेम नाही आणि एस.टी.चा द्वेष नाही. पण जिथे दिवसाला दोनच फेऱ्या आहेत त्या गावच्या बाईला अर्ध्या तिकिटाचे काय? न आलेल्या बसचे अर्धे तिकीट म्हणजे शून्याचे अर्धे. ती बाई जीपला पुरते वीस देते. जिच्या गावाला गाडी आहे तिला सवलत, आणि जिच्या गावाला नाही तिला दंडाची भीती. सवलतीचा पैसा सरकार महामंडळाला भरून देते. तो माणसाच्या हातात द्या ना. पास द्या, कूपन द्या, आणि ज्या गाडीत ती बसेल त्या गाडीला तो चालू द्या. मग कळेल कोण कुणाची किती वाट पाहते.

कुणी म्हणेल, जीपमध्ये समाधान कसले? बसायला जागा नाही, मागे लोंबकळायचे, ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलासुद्धा एक माणूस, बाईमाणसाला अंग चोरून बसावे लागते, गाणी कर्कश, आणि गाडी भरेपर्यंत हलत नाही. सगळे खरे. मी स्वतः एकदा पायरीवर उभा राहून चौदा किलोमीटर गेलो आहे. उतरल्यावर हाताची बोटे सरळ व्हायला वेळ लागला. यात कसली मर्दुमकी नाही आणि याचे कौतुक करायचे नाही. पण नऊ माणसांच्या गाडीत पंधरा का बसतात, याचा हिशेब कुणी मांडला आहे?

आपणच मांडू. समजा बारा किलोमीटरचा मार्ग, माणशी वीस रुपये. नऊ माणसांचे एकशे ऐंशी. डिझेल लिटरभर लागले तर नव्वदीच्या घरात. उरले नव्वद. त्यात ड्रायव्हरची मजुरी, टायर, पाना-ऑइल, बँकेचा हप्ता. आणि दुसराही एक हप्ता, ज्याची पावती मिळत नाही. परतीच्या फेरीला गाडी निम्मी रिकामी. आता हा माणूस नऊच बसवून कर्ज फेडील, की पंधरा बसवील? जी गाडी कधीही पकडली जाऊ शकते ती सापडण्याआधी जेवढे कमावता येईल तेवढे कमावणार. बंदीने गर्दी कमी होत नाही, बंदीनेच ती होते. परवाना उघड दिला, फी उघड घेतली, मार्गावर दहा गाड्यांऐवजी वीस चालू दिल्या, तर पंधराव्या माणसाला दुसरी गाडी मिळेल. आणि मग दहावा माणूस बसवणाऱ्याला खुशाल दंड करा, आम्ही टाळ्या वाजवू.

यात जीव जाण्याचा भाग आहे, आणि तो सगळ्यांत कमी बोलला जातो. जीप उलटली, माणसे गेली, की दुसऱ्या दिवशी बातमी. त्यानंतर तीन-चार वर्षांनी भरपाईच्या दाव्याचा निकाल लागतो तेव्हा बातमी नसते. विमा कंपनीची जबाबदारी किती, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली हिमाचलातल्या एका बसच्या अपघातात निकाल दिला. बस बेचाळीस प्रवाशांची, आत नव्वदच्या घरात माणसे. न्यायालय म्हणाले, विमा बेचाळीसांचा, कंपनी बेचाळीसांपुरतीच बांधील. जास्तीत जास्त रकमेचे तेवढे दावे धरून त्याचा पैसा भरायचा आणि तो सगळ्यांत वाटून द्यायचा. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण आपल्या जीपला लावून पाहा. विमा नवांचा, माणसे पंधरा. नवांची रक्कम पंधरा घरांत वाटली जाणार. उरलेले मालकाकडून वसूल करा. आणि मालकाकडे काय आहे? उलटलेली जीप आणि बँकेचे कर्ज. परवान्याचाच भंग असला तर विमा कंपनी हात वर करायला पाहते आणि वारसाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणजे दंड झाला ड्रायव्हरला, हप्ता मिळाला दुसऱ्याला, आणि जोखीम पुरती आली त्या बाईवर, जिने फक्त घरी जायला हात दाखवला होता. बंदीचा हा सगळा खर्च तिच्या खात्यावर.

सरकारला हे कळत नाही असे नाही. २०२१ च्या दिवाळीत एस.टी. कामगारांचा संप लागला. विलीनीकरणाची मागणी होती. डेपो बंद पडले. तेव्हा राज्य सरकारने नोव्हेंबरमध्ये एक अधिसूचना काढली. संप चालू आहे तोपर्यंत खासगी बस, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस, एवढेच काय मालवाहू गाड्यांनासुद्धा प्रवासी नेण्याची मुभा! ज्या कायद्याखाली फाट्यावर गाडी थांबवणे गुन्हा होता, त्याच कायद्यातला अपवाद शोधून एका दिवसात तो गुन्हा पुसला. तेव्हा सुरक्षिततेचा प्रश्न आला नाही. ट्रकमध्ये माणसे चालतील, म्हणाले. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर कामगार कामावर परतले, संप संपला, आणि तीच जीप पुन्हा अवैध झाली. संपाचे पाच-साडेपाच महिने महाराष्ट्राचे खेडे ज्यांनी हलते ठेवले, त्यांना बक्षीस काय? एस.टी. स्थानकापासून दोनशे मीटरच्या आत दिसलात तर कारवाई.

आणि खासगी गाडीचा विटाळ महामंडळाला आहे म्हणावे तर तेही नाही. २०१७ साली शिवशाही आली, त्यातल्या कितीतरी बस खासगी मालकांच्या, भाड्याने घेतलेल्या. मुंबईत बेस्टच्या रंगात धावणाऱ्या बसही मोठ्या प्रमाणावर ठेकेदारांच्या. म्हणजे खासगी मालक चालतो. शंभर गाड्यांचा मालक असला तर त्याच्याशी करार होतो, किलोमीटरमागे पैसे मोजले जातात. एका जीपचा मालक असला, दोन एकर कोरडवाहू विकून त्याने ती घेतली असली, तर तो अवैध. भांडवल मोठे असेल तर भागीदार, लहान असेल तर गुन्हेगार.

चिंचपोकळीहून परतायच्या आदल्या संध्याकाळी मेहुणा आम्हाला सात रस्त्यापर्यंत फिरवून आणायला गेला. आता त्या चौकाला संत गाडगे महाराज चौक म्हणतात. वर खांबावरून तेव्हा मोनोरेल येत होती, तिचे शेवटचे स्टेशन तिथेच. आपल्या अमरावतीकडच्या, अंगावर चिंध्या आणि हातात खराटा घेऊन पायी फिरणाऱ्या गाडगेबाबांचे नाव तिला लाभले आहे. काका वर पाहत राहिले. डबे जवळजवळ रिकामे. ही मोनो २०१४ साली वडाळा ते चेंबूर सुरू झाली, २०१९ साली सात रस्त्यापर्यंत आली. खर्च हजारो कोटींचा. रोज लाखाच्या वर माणसे बसतील असा अंदाज होता, आली त्याच्या लहानशा हिश्शाइतकी. पुढे १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात ती माणसांनी खचाखच भरून मध्येच अडकली, शेकडो लोकांना शिड्या लावून उतरवावे लागले. २० सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्ती-सुधारणेसाठी ती बंदच ठेवण्यात आली. एवढा तोटा झाला, पण तिला कुणी अवैध म्हटले? ज्याने हा अंदाज बांधला त्याला दहा हजार रुपये दंड झाला? प्रवाशाला न विचारता सरकारने केलेली चूक म्हणजे विकास. प्रवाशाने स्वतः शोधलेली वाट म्हणजे गुन्हा. त्याच मुंबईत चर्चगेटपासून नरिमन पॉइंटपर्यंत शेअर टॅक्सीची अधिकृत रांग लागते, माणशी भाडे वाहतूक प्राधिकरण ठरवून देते, साहेबलोक तीत शहाण्यासारखे उभे राहतात. शेअर टॅक्सी मुंबईत चालते, तर शेअर जीप मोर्शीला, जिंतूरला, घाटंजीला का चालू नये, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

मोकळीक दिली म्हणजे सगळे आपोआप नीट होते, असेही मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८८ साली लहान मिनीबस-टॅक्सींना दार उघडले. आज तिथली बहुसंख्य गरीब माणसे त्यांतूनच कामाला जातात. पण मार्गांवर टॅक्सी-मालकांच्या संघटनांनी कब्जा केला आणि त्यांच्यात बंदुका चालल्या, माणसे मेली. सरकारचा मक्ता गेला आणि दादांचा आला. आपल्या स्टँडवर हे बीज आजही आहे. 'नंबर' नावाचा जो प्रकार आहे, पहिली गाडी भरल्याशिवाय दुसरीत बसू द्यायचे नाही, बाहेरच्या गावची जीप आली तर तिची काच फोडायची, तो मक्ताच आहे. जीपवाल्या भावांनो, तुमच्या बाजूने लिहितो आहे म्हणून हेही ऐकून घ्या. प्रवाशाला कॉलर धरून नंबरच्या गाडीत कोंबणार असाल, तर तुमच्यात आणि त्या लाल डब्यात फरक राहिला नाही. परवाना हवा तर तो कुणालाही मिळावा, तुमच्या मेव्हण्यालाच नव्हे.

एस.टी.लाही मोकळे करा. तिच्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर लावत आले, वर राजकारण्यांनी तोट्याचे मार्ग गळ्यात मारले, आणि मग तोटा झाला म्हणून २५ जानेवारी २०२५ पासून भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढवले. बैलाच्या पायात लोढणे अडकवायचे आणि शर्यतीत दुसरा बैल उतरू द्यायचा नाही, ही कसली शर्यत? लोढणे काढा, दुसरा बैल उतरू द्या. एस.टी. चांगली धावली तर आनंदच आहे, आम्ही तिच्यातच बसू.

परतताना विदर्भ एक्सप्रेसने आलो. पहाटे अंधारात उतरलो. काकांना पहिल्या किरणांनंतरचा थकवा, बोलणे बंद, गळ्याला ओला रुमाल. स्टेशनाबाहेर एस.टी.चा फळा होता, आमच्या बाजूची पहिली गाडी पावणेनऊला. चार तास. एक काळी-पिवळी दिवे मालवून अंधारात उभी होती, स्टँडपासून दोनशे मीटर लांब. पोरगा ओळखीचा निघाला. त्याने काकांना पाहिले, पुढची सीट रिकामी करून दिली, गाडी भरायची वाट न पाहता सहा माणसांवर काढली आणि काकांचे भाडे घेतले नाही. वाटेत नाक्याजवळ त्याने दिवे पुन्हा मालवले. काका डोळे मिटून होते, त्यांना ते दिसले नाही. मला दिसले.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. बाजाराच्या दिवशी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दोन पोरांना वही देऊन फाट्यावर बसवा. किती माणसे आली, कुठल्या गाडीने गेली, किती वेळ उभी राहिली, एस.टी.ची वेळ काय होती आणि आली कधी, आलीच नाही तर तसे. बायका वेगळ्या मोजा, शाळेची पोरे वेगळी, आजारी माणूस असला तर शेजारी खूण करा. जोडाजोड करू नका, जीपच्या बाजूनेही नको आणि एस.टी.च्या बाजूनेही नको, जे दिसले तेच लिहा. या वह्या एकत्र करून परिवहन खात्याकडे न्यायच्या आहेत. आणि आपल्या मार्गावरच्या जीपवाल्याला विचारून या, की त्याचा विमा किती माणसांचा आहे आणि त्याची मुदत कधी संपते.